फिरत्या ढगाचे गार्ड

खिल्लारे गार्ड माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते कुरडयांबद्दल. पूर्णेला बदली होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. एप्रिलचं ऊन फुकट चाललंय हे न बघवून मी हौसेनं गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दुपारी खालच्या मजल्यावरचा एक उंच, काटकुळा माणूस जिना चढून आला. पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, शर्टाच्या खिशात शिट्टी, आणि आभाळाकडे बघून बघून मान कायमची थोडी मागे कललेली.

"बाई, कुरडया काढा. सोळा दहाला येतंय."

"कोण येतंय?"

"पाऊस. आन् गारा. लय मोठ्या न्हाईत, पर कुरडईला बास हायेत."

डोक्यावर लखलखीत ऊन होतं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. असल्या भाकितांवर विश्वास ठेवू नये, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. मी हसले आणि खाली जाऊन झोपले. सव्वाचार उलटून दहा मिनिटं झाली आणि पत्र्यावर कुणी गोट्या ओतल्यासारखा आवाज सुरू झाला. कुरडयांचा पुन्हा चीक झाला. मी भिजलेली चादर गोळा करत होते तेव्हा गार्ड छत्री धरून जिन्यात उभे होते आणि त्यांचा चेहरा अपराधी होता.

"पंधरा मिनटं लेट झालं," ते म्हणाले. "मानवत रोडला थांबलं होतं."

हा माणूस वेडा आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्या धरून तीन उन्हाळे मी त्यांच्या डोक्यावर राहिले आणि माझं मत हळूहळू बदललं. पूर्ण बदललं असं मात्र म्हणणार नाही.

दिगंबर खिल्लारे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. या हुद्द्याला आता कागदोपत्री ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यावर त्यांचा भारी राग होता. "मॅनेजर ब्यांकेत असतो. गाडीला गार्ड," असं ते ऐकवायचे. मालगाडीच्या गार्डाचं आयुष्य म्हणजे शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटं बसणं. बोलायला कुणी नाही, वाचावं तर डबा इतका हादरतो की ओळी उड्या मारतात. गाडी एखाद्या आडस्टेशनात बाजूच्या रुळावर काढून ठेवली की तीन-तीन तास पुढची गाडी निघून जायची वाट बघायची. अशा वेळी माणूस करणार काय? इतर गार्ड झोपायचे. खिल्लारे आभाळ बघायचे. असं त्यांनी तीस वर्षं केलं.

त्याची डायरी होती. रेल्वेच्या जुन्या रजिस्टरांत, गाड्यांच्या नोंदी ठेवाव्यात तशा ढगांच्या नोंदी. 'सेलू सुटला १४:४०. मानवत रोड पास १५:२५. परभणीत मोडला.' मोडला म्हणजे ढग विरला. एका पानावर नुसतं लिहिलं होतं, 'हा आपला नव्हता. उगाच बसलो.'

निवृत्त झाल्यापासून मार्च ते मे, दुपारी एक ते सहा, गच्चीवर पश्चिमेला तोंड करून खुर्ची टाकलेली असायची. त्यांच्या पत्नी, शांतामावशी, चहाचा पेला वर आणून देताना रोज तेच बोलायच्या. "आभाळाकडं बघायलेत तेवढं माझ्याकडं बघितलं असतं तर माझी डायरी भरली असती." गार्ड मान न वळवता म्हणायचे, "तू कुठं हलतीस? हलनाऱ्याची नोंद ठेवतेत."

गंमत म्हणजे जून उजाडला, सगळा मराठवाडा पावसाकडे डोळे लावून बसला, की हे खुर्ची घडी करून कोपऱ्यात ठेवणार. पावसाळ्याच्या पावसात त्यांना काडीचा रस नव्हता. "ही तर पॅसिंजर. समद्या ठेसनाला थांबत थांबत जानार. हिच्याकडं काय बघायचं?" त्यांना हवा असायचा तो एकच ढग, वर्षाकाठी फार तर दोन-तीनदा दिसणारा. त्याला ते 'फिरता' म्हणायचे.

हा फिरता त्यांना पहिल्यांदा भेटला तो नोकरीच्या सुरुवातीला. पेडगावच्या अलीकडे गाडी सिग्नलला उभी होती. रानात, रुळांपासून कोसावर, एक ढग आला. वर पांढराशुभ्र, खाली काळाकुट्ट, आणि त्याचं ते काळं पोट संथपणे फिरत होतं. "जात्याची वरली तळी फिरती न्हाई का, तसं. घाई न्हाई, गडबड न्हाई. म्या डोळे चोळले. पुन्हा फिरायलंच." मग गारा आल्या. ब्रेकव्हॅनच्या छताला पोचे पडले. बायकोला दाखवायला म्हणून त्यांनी सगळ्यात मोठी गार निवडून थर्मासात घातली. पूर्णेला पोचेपर्यंत थर्मासात घोटभर पाणी उरलं होतं. मावशींनी ते पिऊन टाकलं. वर म्हणाल्या, "गार हाय."

ढग फिरतो, हे त्यांनी तेव्हापासून भेटेल त्याला सांगितलं. ड्रायव्हर हसले, स्टेशनमास्तर हसले. डोळे तपासून घे, असा सल्ला मिळाला. आणि हे खरंच तपासून आले. डोळे उत्तम निघाले, त्यामुळे लोक आणखी हसले.

मलाही त्यांनी सांगितलं, पहिल्याच उन्हाळ्यात. मी हसणार होते, पण मी बी.एस्सी.ला हवामानाचा एक पेपर दिला होता आणि कुठं तरी काहीतरी वाचल्याचं आठवत होतं. ट्रंकेतून जुनं पुस्तक काढलं. त्यात आकृती होती. मी गच्चीवर जाऊन त्यांच्या हातात पेन्सिल दिली.

"दोन तळहातांत आडवी धरा. आता एक हात पुढं, एक मागं."

पेन्सिल तळहातांत गरगरली.

"खालचा तळहात म्हणजे जमिनीलगतचा वारा. तो आग्नेयेकडून दमट हवा घेऊन येतो. वरचा म्हणजे उंचावरचा, पश्चिमेचा, जोरदार. दोघांच्या मधली हवा अशी आडवी लाटली जाते. आता खाली रान तापलंय, तिथून गरम हवा जोरात वर उसळली तर या आडव्या पेन्सिलीचं काय होईल?"

गार्डांनी बराच वेळ हाताकडे बघितलं. मग हळूच पेन्सिल उभी केली आणि बोटांनी फिरवत राहिले.

"उभी ऱ्हाती. आन् फिरतच ऱ्हाती."

"तोच तुमचा ढग. साधा ढग स्वतःच्याच पावसानं स्वतःची चूल विझवतो, म्हणून तासाभरात संपतो. याचं पाणी पडतं एका बाजूला आणि चूल पेटलेली राहते दुसऱ्या बाजूला. म्हणून तो तासन् तास जगतो. आत वर जाणारा वारा इतका जोरदार असतो की गार खाली पडायलाच देत नाही. तरंगत, वाढत राहते. पार जड झाली की मगच सुटते."

गार्ड पुस्तक मांडीवर घेऊन आकृतीवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "बाई, हे छापलेलं हाय? म्हंजे मी येडा न्हाई." आणि त्यांचे डोळे भरून आले. मला तर तोंड कुठं लपवावं कळेना, कारण मीही त्यांना वेडाच म्हटलं होतं.

पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट ते मला शिकवून गेले. म्हणजे पुस्तकात होती, पण ती मला समजली ती त्यांच्या भाषेत. हा ढग कधी कधी मधोमध फुटतो, एकाचे दोन होतात. डावा इतर ढगांबरोबर मुकाट्यानं पुढं निघून जातो. उजवा मागं रेंगाळतो आणि मग सगळ्यांची वाट सोडून उजवीकडं वळतो. "मेन लाइनीवर उभं ऱ्हाऊन मानूस म्हनतो, गेली गाडी. आन् ही सांधा बदलून ह्याच्याच पाठीत येती. बाई, दोन झाले की डावा जाऊ द्या. उजव्यावरची नजर काढू नका."

आता त्यांच्या फजितीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पेडगावला त्यांचे थोरले भाऊ, किसनराव. शेती त्यांनीच सांभाळलेली, धाकट्या दिगूला शिकवलं, रेल्वेत चिकटवलं तेही त्यांनीच. गार्डांचं भावावर इतकं प्रेम की दादा म्हणाले तर हे ब्रेकव्हॅन पेडगावात सोडून आले असते. माझ्या पूर्णेतल्या दुसऱ्या वर्षी किसनरावांच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं. भर लग्नात गार्डांनी ढग बघितला, शिट्टी फुंकली, माईक हिसकावला आणि आरडाओरड करून सगळं वऱ्हाड शाळेत कोंबलं. म्हातारी माणसं धडपडली, नवरदेवाचा फेटा सुटला, वरमाईची चप्पल गेली ती गेलीच. आणि ढग? चार थेंब टाकून निघून गेला. ऊन पडलं.

"मी घाई केली," गार्ड मला प्रामाणिकपणे सांगत. "फिरल्यागत दिसला. फिरत नव्हता."

व्याह्यांनी टोमणे मारले. गावात पोरं शिट्ट्या मारायला लागली. किसनराव चारचौघांत म्हणाले, "तुझं तोंड बघायची इच्छा न्हाई." वर्षभर दोघं बोलले नाहीत. गार्ड डायरी लिहीत, पण पानंच्या पानं नुसत्या वेळांची. मावशी मला म्हणाल्या, "दादा बोलना गेल्यापासून ह्येंचं आभाळच रिकामं झालंय."

पुढच्या एप्रिलमध्ये धाकटीचं लग्न ठरलं. पत्रिका आली आणि पाठोपाठ फोन. गार्डांनी स्पीकर लावला म्हणून मीही ऐकलं.

"ये," किसनराव म्हणाले. "पर एक अट हाय. आभाळाकडं बघायचं न्हाई."

"न्हाई बघणार."

"शब्द?"

"शब्द, दादा."

फोन ठेवल्यावर ते लहान मुलासारखे हसले. त्यांना भाऊ परत हवा होता, बाकी काही नको. मावशींनी मला गळ घातली, तुमी संगं चला, ह्येंना आवरायला मानूस पाहिजे. मी गेले.

बौद्ध पद्धतीच्या लग्नाला मुहूर्त नसतो. पत्रिकेत वेळ असते. बारा पस्तीस. ती कुणीच पाळत नाही आणि गार्डांना याचा मनस्वी त्रास व्हायचा. तीन वाजले तरी सेलूकडचं वऱ्हाड डीजेपुढं नाचतच होतं. मंडप मोठा होता. लोखंडी पाइप, वर कापड, पुढच्या बाजूला पत्रे. गार्ड पूर्वेला तोंड करून, गुडघ्यांवर हात ठेवून, नवरदेवापेक्षाही शहाण्यासारखे बसले होते. किसनराव येता-जाता त्यांच्या मानेवर नजर ठेवत होते. मान सरळ होती.

तेवढ्यात वारा बदलला. सकाळपासूनची झळ बंद झाली आणि आग्नेयेकडून दमट वारा सुटला. तो थेट गार्डांच्या तोंडावर आला. त्यांनी डोळे मिटले. मग हळूच माझ्याकडे झुकले.

"बाई, तुमाला कुनी बंदी घातलेली न्हाई."

मी मंडपाच्या कडेला जाऊन आले. पश्चिमेला, सेलूच्या अंगाला एक ढग उभा राहत होता.

"डोकं कसंय?"

"फुलकोबीसारखं. कडा अगदी टणक."

"वर पसरायलंय का?"

"पसरलंय. कड आपल्या डोक्यावर आलीय."

"जायलंय कुनीकडं?"

"जिंतूरकडं. जाईल निघून."

त्यांनी सुस्कारा सोडला. पण दहा मिनिटांनी पुन्हा, "आता?" मी गेले. पाहुण्या बायका माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या होत्या, ही मास्तरीण सारखी कुणाचे निरोप पोचवतेय म्हणून. बाहेर बघितलं तर एकाचे दोन झाले होते. डावा जिंतूरच्या वाटेला लागला होता. उजवा मागं राहून आमच्याकडे वळला होता. पाऊस त्याच्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला सपाट काळं पोट, आणि त्याखाली एक तुकडा लोंबणारा. मी पाण्याच्या टाकीचा कोपरा खुणेला धरून त्याच्यावर नजर रोखली. तो फिरत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आकृतीत तो फारच सोज्वळ दिसतो.

"फिरायलाय," मी परत येऊन सांगितलं.

"नक्की? माझ्यासारखं नको बाई."

"नक्की. असा." मी बोटानं घड्याळाच्या उलट गोल दाखवला.

गार्डांचा चेहरा उतरला. शिट्टीवर गेलेला हात त्यांनी मागं घेतला. "बोंबललो तर हसतेन. आन् हसत बसून ऱ्हातेन." ते उठले आणि मंडपाच्या मागं आचाऱ्याकडे गेले. जाताना मान इतकी खाली घातलेली, की शब्द मोडला असं कुणी म्हणू नये.

"पंगत शाळेत बसवायची. आत्ता."

"लग्नाच्या आधी?" आचारी म्हणाला. "कुनी सांगितलं?"

"नवरीचा चुलता हाय मी. उचल भगुणी."

वरणाची, भाताची, भाजीची भगुणी बांबूला अडकवून रस्त्यापलीकडच्या शाळेत निघाली. बुंदीची परात तर त्यांनी मुद्दाम मंडपातून, लोकांच्या नाकासमोरून नेली. शाळेला स्लॅब होता. पाच मिनिटांत मंडप रिकामा झाला. वर्षापूर्वी माईकवर घसा फोडून, माणसं धडपडवून जे केलं होतं, ते बुंदीनं कुणाला धडपडू न देता केलं. नाचणारे थांबले, नवरदेव घोड्यावरून उतरला, नवरीला मावशी घेऊन गेल्या. डीजेवाल्यानंसुद्धा गाणं चालू ठेवून धूम ठोकली.

लग्नाआधी पंगत म्हणजे यजमानाची नाचक्की. किसनराव लालबुंद होऊन आले. मी मंडपाच्या दारात होते, ना आत ना बाहेर.

"तू बघितलंस!"

"न्हाई दादा. शप्पथ. बाईंनी बघितलं."

किसनरावांनी माझ्याकडे असं बघितलं की ढग परवडला. मग रिकाम्या मंडपात मधोमध खुर्ची ओढून बसले. "दुसऱ्या पोरीच्या लग्नातबी तमाशा केलास. मी हलनार न्हाई. यिऊ दे तुझा ढग."

मला वाटलं, आता गार्ड हात धरून ओढतील, समजावतील. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले.

"तू कामून बसलास? जा बुंदी खायला."

"शेवटचा मानूस उतरल्याबिगर गार्ड उतरत न्हाई."

"मला रेल्वे सांगू नको."

"बरं. न्हाई सांगत."

दोघं पूर्वेकडे तोंड करून बसले. वारा एकदम पडला. मग मागून, ढगाच्या बाजूनं, माठातल्यासारखी गार हवा आली. उजेड हिरवट झाला. कापडावर पहिला धप्प आवाज झाला. दुसरी गार कापड फाडून आली आणि थेट किसनरावांच्या डोक्यात बसली. अंड्याएवढी होती. त्यांनी डोकं धरून वर बघितलं. फाटक्या भोकातून त्यांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक.

"दिगू," ते बारीक आवाजात म्हणाले.

"पळ, दादा!"

मागं एक रिकामं भगुणं पडलं होतं. एका कडीला थोरला, एका कडीला धाकटा, भगुणं उलटं करून दोघांच्या डोक्यावर, असे सत्तरीकडे झुकलेले ते दोन भाऊ रस्ता ओलांडून पळत सुटले. गारा भगुणं असं बडवत होत्या की शाळा सुटल्याची घंटा वाटावी. पुढं मी पळत होते, डोक्यावर आचाऱ्याची मागं राहिलेली परात. माझ्या विद्यार्थ्यांनी ते बघितलं नाही, हे त्यांचं दुर्दैव.

आम्ही व्हरांड्यात शिरलो आणि मंडप गेला. पाइप वाकले, पत्रे उडून शेजारच्या रानात जाऊन रुतले, कापड वडाला अडकलं. खाली कुणी नव्हतं. एकही माणूस नव्हता. मी हे पुन्हा पुन्हा तपासून घेत होते आणि मला रडू येत होतं.

वीस मिनिटांनी सगळं थांबलं. लग्न शाळेच्या व्हरांड्यात लागलं. वधूवरांवर टाकायची फुलं मंडपात चेंदामेंदा झाली होती. मग गारांनी झोडपून खाली पाडलेला कडुलिंबाचा पाला आणि मोहोर बायकांनी ओंजळी भरून आणला आणि तोच टाकला. वरमाई म्हणाली, वास बरा येतोय. गार्ड मागं, खांबाआड उभे होते. किसनराव ओरडले, "दिगू, तिकडं काय करायलास? हिकडं माझ्याजवळ थांब!"

त्यानंतर मला गार्ड पुन्हा दिसले नाहीत. किसनरावांनी त्यांना महिनाभर पेडगावातून हलूच दिलं नाही आणि तेवढ्यात माझी गंगाखेडला बदली झाली. म्हणून ते मला आठवतात ते त्या व्हरांड्यातच. पूर्वेला परभणीच्या डोक्यावर ढगाची पाठ उन्हात पांढरीधोप उजळली होती, इतकी उंच की बघायला मान मोडावी. सगळं गाव बघत होतं. किसनरावांनी भावाचा खांदा धरून त्याला तिकडं वळवलं.

"बघ आता. किती बघायचं तितकं बघ. मी काई म्हनत न्हाई."

पण गार्ड बघेनातच. ते ओला रुमाल घेऊन भावाच्या डोक्यावरचं टेंगूळ दाबत होते आणि विचारत होते, "दादा, लय दुखायलंय का?"